फुल बटन टायर टाकू का? आधी हवा मोज, मग टायरचं बोलू

वाचकाचं पत्र:

"दादा, माझ्याकडे २५० सीसीची ड्युअल-स्पोर्ट (डांबर-कच्चं दोन्हीसाठीची गाडी) आहे, पुढे २१ मागे १८ इंची तारांची चाकं, ट्यूबवाले टायर. रोज कामाला जाऊन-येऊन ४० किमी डांबरी रस्ता, आणि महिन्यातून दोनेक रविवार मित्रांबरोबर कच्च्या वाटा. मागच्या महिन्यात पाऊस पडून गेल्यावर चिकण मातीच्या उतारावर पुढचं चाक एकदम निसटलं आणि पडलो, फार लागलं नाही पण मनात भीती बसलीये. ग्रुपमधले सगळे म्हणतात फुल बटन टायर (नॉबी, म्हणजे उंच सुट्या ठोकळ्यांचा) टाक, दुसरा इलाजच नाही. एक मित्र त्याचे जवळजवळ न वापरलेले नॉबी द्यायला तयार आहे, सहा वर्षं घरात पडून आहेत. मागे १२० मिमी रुंदीच्या जागी १४० चा टाकला तर ग्रिप वाढेल का? मागचा तसाही गोटा झालाय, पुढचा अर्धा बाकी आहे. हवा दोन्हीकडे ३२-३४ पीएसआय असते. काय करू?"

मित्रा,

पडून फार लागलं नाही हे वाचून आधी बरं वाटलं. आणि भीती बसली असं सरळ लिहिलंस तेही बरं केलंस, कारण भीती बसली की माणूस उतारावर हात आखडतो, पुढचा ब्रेक नको तिथे दाबतो आणि मग टायर कितीही भारी असला तरी पडतोच. त्यामुळे ही भीती जाणं टायरइतकंच महत्त्वाचं आहे.

आता तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलीयेस. हवा ३२-३४. दोन्हीकडे. अरे, २५० सीसीच्या गाडीला मॅन्युअलमधे बहुतेक वेळा २२ ते २५ च्या आसपास लिहिलेलं असतं, तुझ्या गाडीचा नेमका आकडा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) नाहीतर चेन कव्हरवर स्टिकर असेल त्यावर बघ, आणि तोसुद्धा रस्त्यासाठीचा आकडा आहे. तू ३२-३४ घेऊन ओल्या चिकण मातीत उतरलास म्हणजे दगडासारखा कडक टायर घेऊन उतरलास, त्याला जमिनीवर बसायला जागाच मिळाली नाही. मी असं म्हणत नाहीये की तुझा टायर चांगलाच होता आणि चूक सगळी हवेची, पण त्या दिवशी तुझ्या चाकावर फुल बटन असता आणि हवा हीच असती तरी तू पडला असतास असं मला मनापासून वाटतं.

एक करून बघ, मी स्वतः केलंय आणि माझं त्या दिवसापासून टायरकडे बघणंच बदललं. कोरड्या फरशीवर किंवा सिमेंटवर गाडी घे, पुढचा टायर ओल्या फडक्याने पुसून चांगला ओला कर, गाडीवर बस, कुणालातरी हळू एक फूटभर ढकलायला सांग आणि मागे वळून ठसा बघ. माझ्या गाडीला तेव्हा नॉबी होता, ३२ पीएसआयला एका वेळी फरशीवर टेकलेले साधारण पाच-सहा ठोकळे होते, तेही मधलेच, पोस्टाच्या तिकिटाएवढे सुटे सुटे चौकोन. हवा १८ ला आणून परत केलं तर नऊ-दहा ठोकळे, ठसा लांब झालेला, आणि बाजूचे ठोकळेही टेकायला लागलेले. टायर तोच, गाडी तीच, बसणारा तोच. मग शेजारच्या गाडीचा रस्त्याचा टायर ओला करून बघितला तर एकच सलग पट्टा, मधे बारीक रेघा फक्त. त्या दोन ठशांमधे सगळा विषय येतो बघ, डांबरावर तो सलग पट्टा पाहिजे असतो, चिखलात ते सुटे चौकोन.

का ते सांगतो. डांबर कडक आहे, टायर त्यात रुतत नाही, तिथे पकड म्हणजे रबर किती टेकलंय आणि ते रबर किती मऊ आहे एवढंच. चिखलात उलटं, तिथे ठोकळ्याने जमिनीत घुसून कडेने माती ढकलायची असते, आणि दोन ठोकळ्यांमधे एवढी मोकळी जागा पाहिजे की अडकलेला चिखल चाक फिरताना उडून जाईल. जागा कमी असली की चिखल भरून बसतो आणि चार मीटरमधे टायर गुळगुळीत. तुझ्या कंपनीतून आलेल्या टायरचं त्या उतारावर बहुतेक हेच झालं असणार, पडल्यावर टायर बघितला असतास तर नक्षी दिसलीच नसती, नुसता मातीचा गोळा. कडक मुरूम, खडी, सुकलेली वाट इथे मात्र एवढ्या उंच ठोकळ्यांची गरजच नाही, तिथे मध्यम नक्षीचा टायर हवा कमी करून मस्त चालतो. वाळूत तर नक्षीपेक्षा हवेचाच खेळ जास्त.

आता ग्रुपचा सल्ला, फुल बटन. मी तो ऐकलेला माणूस आहे म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मी पण असाच एकदा पडल्यावर पुढे-मागे दोन्ही फुल नॉबी टाकले होते आणि कच्च्यावर खरंच राजा झाल्यासारखं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात रोजच्या रस्त्यावर, नुकता पाऊस सुरू झालेला, सिग्नलच्या अलीकडे पांढरे पट्टे, स्पीड तीसच्या आसपास, पुढचा ब्रेक नेहमीसारखाच लावला आणि हँडल हातातून गेलं. काही कळायच्या आत खाली, खांद्याचं हाड मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. ओल्या रंगावर त्या पाच-सहा चौकोनांनी काय धरायचं? फुल नॉबी डांबरावर टाकणं म्हणजे गुन्हा आहे असं नाही, हजारो लोक चालवतात, पण त्याचा ब्रेक वेगळा, त्याचा वळण घ्यायचा अंदाज वेगळा, गाडी झुकवली की ठोकळे वाकतात आणि गाडी डुलल्यासारखी वाटते, आणि हे सगळं अंगात मुरेपर्यंत रोज गर्दीतून जायचं असतं. शिवाय मागचा नॉबी डांबरावर किती पटकन संपतो ते बघून जीव हळहळतो, मधले ठोकळे कडेने फाटत जातात आणि ज्या चिखलासाठी घेतला तिथे पोचेपर्यंत निम्मा गेलेला असतो.

तुझा हिशोब मांडू. रोज ४० किमी, महिन्याचे २२ दिवस धरले तर ८८० झाले. दोन रविवार, प्रत्येकी कच्च्या वाटेपर्यंत जाऊन-येऊन ६० डांबर आणि ५० कच्चं असं धरू. एकूण ११०० किमी, त्यात कच्चं १००. म्हणजे शंभरात नऊ. मनात विचारशील तर तुला निम्मं वाटेल, कारण आठवणीत राहतात ते रविवार, कामाला जायचे किलोमीटर कुणाच्या लक्षात राहतात.

पण मग ९०/१० वाला, म्हणजे नव्वद टक्के डांबरासाठी आणि दहा टक्के कच्च्यासाठी बनवलेला टायर घे असं मी म्हणणार नाही. कारण किलोमीटर मोजून अर्धंच उत्तर मिळतं, त्या नऊ टक्क्यांत काय आहे ते पण बघायचं. कोरडी धुळीची वाट असती तर ८०/२० वर आरामात भागलं असतं, शिन्को ७०५ सारखा किंवा मेट्झेलर टूरान्ससारखा रस्त्याकडे झुकलेला टायर पुरला असता. तुझ्या नऊ टक्क्यांत ओली चिकण माती आहे, उतार आहे, आणि तू तिथेच पडलायस. म्हणून तुला मधला टायर पाहिजे, ज्याला लोक ५०/५० म्हणतात, आणि त्यातल्या त्यात ज्याचे ठोकळे सुटे आहेत असा.

हे ५०/५० प्रकरण पण जरा जपून घे हं. या आकड्याला कुठलंही सर्वमान्य माप नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मनाने लिहिते, एकाचा ५०/५० दुसऱ्याच्या ७०/३० इतका सपाट असू शकतो. म्हणून आकडा वाचू नको, टायर हातात घेऊन बघ. दोन ठोकळ्यांमधे बोट आडवं बसतं का? ठोकळा अंगठ्याने ढकलला तर किती वाकतो? मधोमध सलग पट्टा आहे का सुटे ठोकळे आहेत? सलग पट्टा असला की डांबरावर आयुष्य खूप मिळतं पण ओल्या चिखलात मागचं चाक जागेवर फिरत राहतं, हायडेनाउच्या के६० स्काउटच्या काही रुंद मागच्या साइझमधे असा पट्टा आहे, टिकतो म्हणून लांबचा प्रवास करणारे त्याची शपथ घेतात आणि चिखलात जाणारे त्याच पट्ट्याला शिव्या घालतात, दोघंही आपापल्या जागी खरे आहेत. मिटास ई-०७, मिशेलिन अनाकी वाइल्ड, केंडा के२७० हे सगळे या मधल्या घरातले. त्याच्या पलीकडे कॉन्टिनेंटल टीकेसी ८० आणि शिन्को ८०४/८०५, जरा मोठ्या ठोकळ्यांचे. आणि डनलॉप डी६०६ किंवा पिरेली एमटी२१ म्हणजे रस्त्यावर चालवायची परवानगी असलेला पण मनाने पूर्ण कच्च्याचा टायर, तुझे मित्र म्हणतायत तो हा वर्ग. यातले सगळे सगळ्या साइझमधे येत नाहीत, तेव्हा नावावर अडून बसू नको, नक्षी ओळखायला शिक म्हणजे समोर येईल त्यातून निवडता येईल.

पुढच्या आणि मागच्याला सारखंच धरू नकोस हेही सांगायचंय. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा गाडी शेपूट हलवते आणि तू थ्रॉटल सोडून, पायावर उभा राहून सावरतोस, त्याची सवयही होते. पुढचं गेलं की संपलं, तुझ्याच बाबतीत बघ, कळलं तेव्हा तू खाली होतास. म्हणून बरेच अनुभवी लोक पुढे एक पायरी जास्त उघड्या नक्षीचा आणि मागे एक पायरी टिकाऊ टायर लावतात. पुढचा तसाही हळू झिजतो, मागचे साधारण दोन संपतात तेव्हा पुढचा एक संपतो, त्यामुळे पुढे चांगला टायर घेतला तर तो पुरतोही. पण तुझ्यासाठी ती पायरी एकच ठेव. पुढे फुल नॉबी आणि मागे रस्त्याचा असला प्रकार रोज पावसात कामाला जाणाऱ्याने करू नये, कारण डांबरावर ब्रेकिंगचा मोठा भार पुढच्यावरच येतो आणि मी पडलो तो पुढच्यामुळेच. रेडियल (आतले धागे आडवे) आणि बायस-प्लाय (आतले धागे तिरके) अशी जोडी पण लावू नको, कंपन्या सहसा नको म्हणतात, साइझ लिहिताना मधे आडवी रेघ असेल तर बायस आणि आर असेल तर रेडियल.

१४० चं विचारलंस, तर नको. खरंच नको. रिमची रुंदी तीच राहते, त्यावर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि टायर वरून जास्त गोल होतो, म्हणजे सरळ चालताना टेकणारा भाग वाढायच्या ऐवजी कमीसुद्धा होऊ शकतो. वर चेन किंवा स्विंगआर्मला घासायची भीती, चिखल भरला तर जागाच उरत नाही, चाक जाम. आणि चिखलात रुंद टायर वरच तरंगतो, अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत जातो. २५० ला १२० पुष्कळ आहे. पुढे ९०/९०-२१ च्या जागी ८०/१००-२१ आला तर मात्र घाबरू नको, पहिल्याची साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची) ९० चे ९० टक्के म्हणजे ८१ मिमी, दुसऱ्याची ८० चे १०० टक्के म्हणजे ८० मिमी, उंची जवळजवळ सारखीच. फक्त साइझच्या पुढचा आकडा आणि अक्षर बघायचं विसरू नको, ५४ म्हणजे तो टायर २१२ किलो पेलतो, ६२ म्हणजे २६५ किलो, आणि पी म्हणजे १५० किमी वेगापर्यंत, आर १७०, एस १८०. गाडीच्या मॅन्युअलमधे जे आहे त्याच्या खाली जायचं नाही. आणि साइडवॉलवर हायवेसाठी नाही असं लिहिलेला शर्यतीचा नॉबी कुणी स्वस्तात देत असेल तर हात जोडून नको म्हण.

मित्राच्या टायरचं. मित्राचं मन मोडेल म्हणून तू अडकलायस असं पत्रावरून वाटलं. साइडवॉलवर डॉट (DOT) या अक्षरांच्या पुढे शेवटी चार आकडे असतात, ३५१९ असेल तर २०१९ सालचा ३५ वा आठवडा. आधी ते बघ, सहा वर्षं घरात असला तरी त्याच्या आधी दुकानात किती पडून होता कुणास ठाऊक. बऱ्याच कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी काढून टाका. म्हणजे सहा वर्षांचा टायर कागदावर बाद नाही. पण दोन ठोकळ्यांच्या मधली जागा वाकवून बघ, बारीक भेगा दिसतायत का, ठोकळ्यात अंगठ्याचं नख दाब, नवीन रबरात नख थोडं रुततं आणि खूण हळूहळू भरून येते, म्हातारं झालेलं रबर प्लॅस्टिकसारखं लागतं. कडक झालेल्या रबराचा नॉबी ओल्या डांबरावर म्हणजे दुहेरी संकट. तू नुकताच पडलायस, मन शंकेत आहे, अशा वेळी शंका येईल असा टायर पुढच्या चाकावर नको. मित्राला सांग, दादाने नको म्हटलं, माझ्यावर ढकल.

मग करायचं काय, तर हे. मागचा गोटा झालाय तो आजच बदलायचा, त्यात थांबणं नाही, ५०/५० सुट्या ठोकळ्यांचा १२० घे, सोबत नवीन ट्यूब आणि रिमच्या आतली रबरी पट्टी पण नवीन, जुनी ट्यूब नव्या टायरमधे ताणून घड्या पडलेली बसते आणि त्या घडीवरच पंक्चर होते. पुढचा अर्धा बाकी आहे तर लगेच काढू नको, आधी त्यावर हवेचा प्रयोग कर. रस्त्यावर मॅन्युअलचा आकडा, सकाळी गाडी थंड असताना मोजलेला, चालवून आल्यावर नाही, गरम टायर जास्तच दाखवतो. कच्चं सुरू झालं की दोन्हीकडे १८. त्याखाली तू जाऊ नकोस, तुझ्या गाडीला रिम लॉक (टायर रिमवर फिरू नये म्हणून आतून दाबून धरणारा क्लॅम्प) नसेल तर कमी हवेत टायर रिमवर फिरतो, ट्यूबला ओढत नेतो आणि व्हॉल्व मुळातून फाटतो, आणि दगडावर आपटलं की ट्यूब रिमच्या दोन कडांमधे चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. खूप दगडाची वाट असेल तर २०-२१ ठेव. व्हॉल्वला जो छोटा नट असतो तो रिमपर्यंत घट्ट आवळलेला असेल तर सोडव आणि वर टोपीला टेकवून ठेव, टायर सरकला तर व्हॉल्व तिरका झालेला दिसेल, फाटायच्या आधी कळेल. परत डांबराला लागायच्या आधी पंपाने हवा भर, कमी हवेत वेगात गेलं की टायर सारखा चुरगळून तापतो. एक छोटा हातपंप आणि एक चांगला गेज बॅगेत कायमचा टाक, पंपवाल्याच्या गेजवर विसंबू नको, तुझे ३२-३४ तिथूनच आले असतील असा माझा अंदाज आहे.

टायर चढवून घेताना समोर उभा राहा. फिरण्याच्या दिशेचा बाण बरोबर आहे ना, रिमच्या कडेशी टायरवर एक बारीक रेघ असते ती सगळीकडे सारख्या अंतरावर आली ना, एका जागी आत गेली असेल तर बीड (टायरची रिमवर बसणारी कड) नीट बसलेली नाही, हवा काढून साबणाचं पाणी लावून परत भरायला सांग. चाक बाहेर आहेच तर स्पोक एकेक पान्याने वाजवून बघ, जो बद्द वाजेल तो सैल. आणि नवीन टायरवर पहिले दीडशे किमी एकदम झुकवू नको, जोरात ब्रेक मारू नको, वरचा गुळगुळीतपणा जायला तेवढं लागतं.

मग एखाद्या कोरड्या दिवशी तोच उतार. एकटा जाऊ नको. हवा १८, पहिला गियर, इंजिनवर उतरायचं, पुढच्या ब्रेकवर एकच बोट आणि तेही सवयीपुरतं, नजर चाकाच्या पुढ्यात नाही तर दहा मीटर लांब. दोन-तीनदा नीट उतरलास की मग हलका ओला असताना जा. तेव्हाही पुढचा चिखलाने भरून गुळगुळीत होत असेल तर काढून टाक आणि टीकेसी ८० सारखा मोठ्या ठोकळ्यांचा टाक, तेवढ्याला मी तुला नको म्हणणार नाही, फक्त ओल्या पट्ट्यांवर पुढचा ब्रेक हळू. आणि ठसा काढलास तर ३२ ला किती ठोकळे आणि १८ ला किती, तेवढं मोजून मला लिही.